देवीची खूण: कृष्णाकाठ आणि ग्रीस

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या चार हातांत चार वस्तू आहेत. खालच्या उजव्या हातात म्हाळुंग, वरच्या उजव्या हातात जमिनीकडे टोक केलेली गदा, वरच्या डाव्या हातात ढाल म्हणजे मूर्तिशास्त्रातले खेटक, आणि खालच्या डाव्या हातात पानपात्र. पाठीशी सिंह आहे, मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. रोजच्या पूजेत मूर्तीवर साडी, किरीट, दागिने आणि हार चढतात, त्यामुळे यातल्या बऱ्याच खुणा भाविकाच्या नजरेला पडत नाहीत. तरीही ही देवी नेमकी कोण, असा प्रश्न जेव्हा जेव्हा निघाला, तेव्हा शेवटचा शब्द या खुणांचाच राहिला.

प्रश्न निघायला कारणही तसेच आहे. अंबाबाईला महालक्ष्मीही म्हणतात, आणि महालक्ष्मी हे नाव ऐकताच विष्णुपत्नी आठवते. नवरात्रात तिरुपतीहून देवीला शालू येतो, त्यामुळे ही समजूत आणखी पक्की होते. पण विष्णुपत्नी लक्ष्मीच्या हाती कमळ हवे आणि दोन्ही बाजूंना तिला न्हाऊ घालणारे हत्ती हवेत. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातल्या बौद्ध चैत्याच्या दर्शनी भागावर अशी गजलक्ष्मी कोरलेली आहे, आणि ती दोन हजार वर्षांइतकी जुनी आहे. अंबाबाईजवळ कमळ नाही आणि हत्तीही नाहीत. गदा आणि ढाल ही युद्धाची आयुधे, सिंह हे दुर्गेचे वाहन, लिंग शिवाचे. गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावरही शिवलिंगच आहे. देवीमाहात्म्याला जोडून येणाऱ्या प्राधानिक रहस्यात सर्वांच्या मुळाशी असलेल्या त्रिगुणात्मक महालक्ष्मीचे वर्णन आहे, आणि त्यात म्हाळुंग, गदा, खेटक, पानपात्र, मस्तकावरचा नाग, लिंग व योनी या खुणा एकामागोमाग मोजलेल्या आहेत. या महालक्ष्मीपासूनच महाकाली आणि महासरस्वती प्रकटल्या, असे तेच रहस्य सांगते. अंबाबाईच्या देवळात तिच्या दोन्ही बाजूंना याच दोघींची स्थाने आहेत. इतका पुरावा जुळत असताना करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, देवी ही आदिशक्ती आहे, हेच मानणे रास्त ठरते.

या देवीचा अधिकार कृष्णेच्या खोऱ्यात फार जुना आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाने प्रजेवरचे संकट टळावे म्हणून आपल्या डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीला अर्पण केले, असे इ.स. ८७१च्या संजान ताम्रपटात नोंदले आहे. पुढे कराड-कोल्हापूर भागावर राज्य करणाऱ्या शिलाहारांनी महालक्ष्मीच्या वरप्रसादाने आपल्याला राज्य लाभले, अशा अर्थाचे बिरुद मिरवले. त्याच घराण्यातली कराडची राजकन्या चंद्रलेखा चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याची राणी झाली, आणि तिच्या स्वयंवराचे वर्णन बिल्हणाने विक्रमांकदेवचरितात केले. आक्रमणांच्या काळात लपवून ठेवलेली अंबाबाईची मूर्ती १७१५मध्ये पुन्हा देवळात बसवली गेली. २०१५मध्ये पुरातत्त्व खात्याने मूर्तीचे रासायनिक संवर्धन केले, तेव्हा मस्तकावरच्या नागाचे काय झाले यावरून कोल्हापुरात मोठी चर्चा झाली. दगडावरच्या बोटभर कोरीवकामासाठी एक शहर अस्वस्थ व्हावे, यात नवल नाही. खूण गेली की देवीच्या ओळखीलाच धक्का बसतो.

या चार वस्तूंमधले म्हाळुंग सर्वांत कुतूहलाचे. जाड सालीचे, सुगंधी, लिंबाच्या कुळातले हे फळ. संस्कृतात त्याला बीजपूरक म्हणतात, कारण ते बियांनी भरलेले असते. देवीच्या हातात ते सृष्टीच्या बीजाची खूण होते. ग्रीकांना हे फळ इराणच्या बाजूने कळले. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस वनस्पतीतज्ज्ञ थिओफ्रास्टसने मीड लोकांच्या देशातले फळ म्हणून त्याचे वर्णन केले. मात्र ग्रीकांच्या देवीच्या हातात बियांचे फळ त्याआधीच येऊन बसले होते, आणि ते होते डाळिंब. आर्गोसजवळच्या देवळात देवराणी हेराची सोन्याची आणि हस्तिदंताची मूर्ती होती, ती पॉलिक्लायटस या शिल्पकाराची. तिच्या एका हातात राजदंड होता, त्याच्या टोकावर कोकीळ बसलेला, आणि दुसऱ्या हातात डाळिंब. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथे गेलेल्या पॉसेनिअस या प्रवाशाने कोकिळेची कथा सांगितली, पण डाळिंबाचा अर्थ गूढ असल्यामुळे त्याबद्दल बोलायचे नाही, असे लिहून तो पुढे गेला. डाळिंबाची दुसरी कथा मात्र सर्वांना ठाऊक आहे. पाताळाचा राजा हेडीस याने पर्सेफोनीला पळवून नेले. तिची आई, धान्याची देवी डिमीटर, शोकाने व्याकूळ झाली आणि पृथ्वीवर काही उगवेना. अखेर मुलगी परत मिळाली, पण पाताळात तिने डाळिंबाचा दाणा खाल्ला होता, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खाली राहावे लागले. म्हाळुंग असो वा डाळिंब, सालीच्या आत दडलेल्या बिया म्हणजे पोटात असलेले जीवन, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच रुजलेली दिसते.

या दोन जगांची प्रत्यक्ष गाठही पडली होती. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६च्या सुमारास डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले. त्याच सुमारास या टेकडीवर सातवाहनकाळातल्या काशाच्या वस्तूंचा साठा हाती लागला. त्यात ग्रीक सागरदेव पोसायडनची लहान मूर्ती होती, आणि पर्सियस व अँड्रोमेडा या ग्रीक कथेतल्या जोडीचे उठावचित्र असलेली तबकडीही होती. आज ही मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाची शान आहे. उलट दिशेने गेलेली वस्तू सापडली १९३८मध्ये, इटलीतल्या पाँपेई येथे. इ.स. ७९च्या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या त्या शहरातल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. तिच्या दोन बाजूंना दोन दासी आहेत, अंगावर दागिन्यांची रेलचेल. तिला लगेच लक्ष्मी म्हटले गेले. पण लक्ष्मीची एकही खूण तिच्याजवळ नाही, कमळ नाही, हत्ती नाहीत, म्हणून पुढच्या अभ्यासकांनी तिला यक्षी मानणे पसंत केले. महाराष्ट्रात तेर आणि भोकरदन येथे तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत. पाँपेईची ही सुंदरी दख्खनच्याच कारागिरांची असावी, हा तर्क त्यामुळे बळकट होतो.

शस्त्रे हाती घेतलेली देवी म्हटली की मराठी मनात तुळजाभवानी उभी राहते. अष्टभुजा, पायाखाली महिषासुर, एका हातात त्याची शेंडी, इतर हातांत त्रिशूळ, बिचवा, बाण, चक्र, शंख, धनुष्य आणि पानपात्र, मस्तकाच्या दोन्ही अंगांना चंद्र-सूर्य. शिवाजी महाराजांनी १६६१मध्ये प्रतापगडावर भवानीची स्थापना केली ती याच महिषासुरमर्दिनी रूपात. साताऱ्याच्या मुलखाला तेव्हापासून घराजवळची भवानी मिळाली. या आयुधांमागची कथा देवीमाहात्म्यात आहे. महिषासुरापुढे हरलेल्या देवांचे तेज एकत्र आले, त्यातून देवी प्रकटली आणि प्रत्येकाने आपले शस्त्र तिला दिले. शिवाने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, वरुणाने शंख, वायूने धनुष्य, इंद्राने वज्र आणि घंटा, हिमालयाने सिंह. तिच्या हातांकडे पाहिले की सगळे देवमंडळ तिथे हजर असल्याचे कळते.

ग्रीसची शस्त्रधारी देवी अथीना हिची जन्मकथा वेगळी. ती झ्यूसच्या मस्तकातून पूर्ण वाढलेली आणि चिलखत घातलेलीच बाहेर पडली. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरासाठी फिडियसने ख्रिस्तपूर्व ४३८मध्ये तिची सोन्या-हस्तिदंताची भव्य मूर्ती पूर्ण केली. डोक्यावर शिरस्त्राण, हातात विजयदेवता नायकी, बाजूला ढाल, ढालीआड वेटोळे घातलेला साप, आणि छातीवरच्या कवचावर मेडुसा या राक्षसीचे मुंडके. हरवलेल्या शत्रूचे डोके जवळ बाळगण्याची रीत दोन्ही देवींमध्ये आहे. भवानीच्या पायाशी महिषासुर, अथीनेच्या उरावर मेडुसा. मात्र अथीनेच्या खुणा रणांगणावर संपत नाहीत. अथेन्स कोणाचे, यावरून तिचे आणि पोसायडनचे भांडण झाले तेव्हा पोसायडनने त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला आणि तिने जैतुनाचे झाड उगवले. लोकांना तेल, लाकूड आणि फळ देणारे झाड पसंत पडले. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला तिचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला घुबड व जैतुनाची डहाळी असे. आपल्याकडे अशुभ ठरलेले घुबड तिथे बुद्धीची खूण झाले. बंगालात मात्र ते लक्ष्मीचे वाहन आहे.

प्राण्यांच्या खुणांचे गणित ठरावीक वाटले तरी ते बदलते. आर्टेमिसचे हरिण, आफ्रोडाइटीचे कबुतर, सिबेलीच्या रथाचे सिंह ही ग्रीक जगातली ठळक नावे. मोर हा मुळात भारतातला पक्षी. तो पूर्वेकडून ग्रीसला पोचला आणि हेराचा झाला. तिचे मोठे देऊळ असलेल्या सामोस बेटाच्या नाण्यांवरही तो उमटला. आपल्याकडे तोच सरस्वतीजवळ बसतो.

देवीच्या काही खुणा मूर्तीवर नसतात, भक्ताच्या अंगावर असतात, आणि महाराष्ट्राचे खरे वैभव इथे आहे. भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, हातात परडी, आणि पेटलेला पोत. परडीत मागितलेला जोगवा पडतो. गोंधळात संबळ वाजतो आणि दिवटीला तेल घालून ती तेवत ठेवली जाते. कवडी समुद्रातली, मालदीवच्या बाजूने व्यापाराने आलेली. एके काळी ती चलनही होती, म्हणून ती लक्ष्मी, आणि तिचा आकार स्त्रीच्या योनीसारखा, म्हणून ती जननी. ग्रीक आफ्रोडाइटी समुद्राच्या फेसातून जन्मली आणि सायप्रस बेटावर किनाऱ्याला लागली, असे कवी हेसिअडने सांगितले. पुढच्या चित्रकारांनी तिला शिंपल्यात उभी केली. कवड्यांच्या कुळाला प्राणिशास्त्रात मिळालेले सायप्रेइडी हे नाव तिच्याच सायप्रसवरून आले आहे. पोताची मशालही एकटी नाही. डिमीटरने हरवलेल्या मुलीला दोन्ही हातांत मशाली घेऊन नऊ दिवस शोधले, आणि अथेन्सजवळ एल्युसिस येथे तिच्या गुप्त उपासनेत भक्त रात्री मशाली घेऊन निघत. तिठ्यावर उभी राहणारी हेकाटी हीदेखील मशालधारी. देवीचा उजेड रात्रीचा असतो, याची जाणीव दोन्हीकडे होती. आरतीच्या निरांजनापेक्षा पोताची ज्वाळा मोठी का, याचे उत्तरही त्यातच मिळते.

नवरात्रातला घट ही तर देवीची सर्वांत सोपी आणि सर्वांत खोल खूण. शेतातली काळी माती आणायची, पत्रावळीवर पसरायची, मधोमध पाण्याचा मातीचा घट ठेवायचा, भोवती गहू, जोंधळे, हरभरा असे धान्य पेरायचे आणि वर झेंडूच्या माळा सोडायच्या. नऊ दिवसांत अंधाऱ्या देवघरात पिवळसर कोंब वीतभर वाढतात. दसऱ्याला तेच कोंब शेतकरी टोपीत किंवा फेट्यात खोवतात, बायका केसांत माळतात. कराड, पाटण, वाळव्याच्या गावांत हा कोंब पाहून पुढच्या पिकाचा अंदाज बांधणारे लोक आहेत. प्राचीन अथेन्समध्ये आफ्रोडाइटीचा प्रियकर अडोनिस याच्या शोकाच्या सणाला बायका फुटक्या खापरांत बडीशेप, सलाडाची पाने, गहू आणि सातू पेरत. ही खापरे घराच्या गच्चीवर ठेवीत, आणि उन्हाने कोंब सुकले की ती पाण्यात टाकीत. पेरणी सारखी दिसली तरी भाव उलटा आहे. तिथे अकाली मेलेल्या तरुणाची आठवण, इथे येणाऱ्या रब्बीची आशा. महाराष्ट्रातला घट डिमीटरच्या गव्हाच्या लोंबीला जास्त जवळचा आहे.

मूर्ती येण्याआधी देवी दगडात होती, आणि अनेक ठिकाणी ती अजून तिथेच आहे. डोळे-नाक नसलेल्या, शेंदूर फासलेल्या गोल दगडाला तांदळा म्हणतात. गावोगावच्या लक्ष्मीआई आणि मरीआई अशाच असतात, आणि जवळ कडुलिंबाचे झाड असले तर तेही देवीचेच. नदीच्या डोहापाशी किंवा विहिरीच्या कडेला सात दगड मांडलेले दिसले तर त्या साती आसरा. पाण्याच्या या देवता पोहणाऱ्याला ओढून नेतात अशी भीती आहे, म्हणून त्यांना हळदीकुंकू आणि हिरव्या बांगड्या वाहतात. ग्रीसमध्ये झऱ्यांच्या अप्सरा, नायडी, याच जातीच्या. त्यांनीही हेराक्लिसच्या लाडक्या हायलसला पाण्यात ओढले होते. मूर्तीशिवायची देवी ग्रीकांनाही अपरिचित नव्हती. सायप्रसमधल्या पाफोस येथे आफ्रोडाइटी म्हणून शंकूच्या आकाराचा दगड पुजला जाई.

याच आदिम थरातली लज्जागौरी. मातृत्वाचे इतके निःसंकोच चिन्ह दुसरे नाही. मांड्या फाकून पाय वर घेतलेली, प्रसूतीच्या आसनातली ही देवी, आणि मस्तकाच्या जागी उमललेले कमळ. तेर आणि नेवासे येथे तिच्या लहान प्रतिमा मिळाल्या. कर्नाटकातल्या बदामी-ऐहोळेच्या परिसरात, म्हणजे कृष्णेला मिळणाऱ्या मलप्रभेच्या खोऱ्यात, तिच्या मोठ्या शिल्पमूर्ती आहेत. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी लज्जागौरी या ग्रंथात तिचा माग भूमिदेवीपर्यंत नेला. तो माग पटण्यासारखा आहे, कारण कमळ हे पाण्यातून वर येणाऱ्या सृष्टीचेच रूप. ग्रीक नगर प्रीनी येथे डिमीटरच्या देवळात भाजल्या मातीच्या विलक्षण बाहुल्या सापडल्या. त्यांना धडच नाही, पोटावरच चेहरा आहे आणि खाली थेट पाय. अभ्यासक त्यांना बाउबो म्हणतात. शोकात बुडालेल्या डिमीटरला जिने आपले वस्त्र वर उचलून हसवले, ती ही बाई. शिराला गौण आणि उदराला प्रधान मानणाऱ्या या दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या की जन्माचे कोडे माणसाने किती सरळ शब्दांत मांडले होते ते उमगते.

जन्मानंतरची देवी सटवाई. मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, दिवा लावतात आणि जवळ कोरा कागद व लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, अशी श्रद्धा. मूल झोपेत हसले की सटवाई हसवते असे आजही म्हातारी माणसे म्हणतात. ग्रीकांकडे हे काम तिघी मोइराई बहिणींकडे होते. क्लोथो आयुष्याचा धागा कातते, लॅकेसिस तो मोजते आणि अॅट्रोपोस तो तोडते. मिलिएगर हा राजपुत्र सात दिवसांचा असताना त्या घरी आल्या आणि चुलीतले एक लाकूड जळून संपेल तेव्हा हा मरेल असे सांगून गेल्या. आईने ते लाकूड चटकन विझवून पेटीत ठेवले. तिथे दैवाची खूण चाती आणि धागा, कारण घरोघर बायका सूत काततच होत्या. इथे ती लेखणी झाली. ज्या बाळंतिणीला स्वतःला लिहिता येत नव्हते तिनेही देवीसाठी कागद मांडला, ही गोष्ट मनाला फार भिडते. खूण ठरते ती अशी, घरात जे हाताशी असते किंवा जे मिळावे असे वाटते त्यातून.

नदीच्या बाबतीत ग्रीस आणि महाराष्ट्र एकमेकांपासून सर्वांत दूर जातात. ग्रीकांच्या नद्या पुरुष आहेत. आकेलोस हा त्यांतला थोर, त्याला बैलाची शिंगे. हेराक्लिसशी झुंजताना त्याचे एक शिंग तुटले आणि फळाफुलांनी भरलेले समृद्धीचे शिंग ते हेच, अशी कथा आहे. नद्यांना नवस बोलण्याची रीत त्यांच्यातही होती. आकिलीस युद्धावरून सुखरूप परतला तर त्याचे केस स्पर्खिओस नदीला वाहायचे, असे त्याच्या वडिलांनी बोलून ठेवले होते. अँटिऑक शहराच्या भाग्यदेवतेची मूर्ती युटिकायडिसने ख्रिस्तपूर्व ३००च्या सुमारास घडवली, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डोक्यावर तटबंदीचा मुकुट घालून खडकावर बसलेली स्त्री म्हणजे शहर, आणि तिच्या पायाखाली पोहणारा तरुण म्हणजे ओरोंटीस नदी.

कराडला हे नाते उलटे होते. उत्तरेकडून येणारी कृष्णा आणि समोरून येणारी कोयना इथे एकमेकींना भिडतात आणि एक होऊन पूर्वेला वळतात. हाच प्रीतिसंगम. नदी इथे बाई आहे, आई आहे, आणि शहर तिच्या काठाशी बसलेले. घाटावर कृष्णामाईचे देऊळ आहे. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात गोमुखातून वाहणाऱ्या पाण्यापाशी तिचा उगम मानतात, वाईच्या घाटांवर तिचा उत्सव होतो, माहुलीला वेण्णा आणि हरिपूरला वारणा तिला येऊन मिळते. गंगेला मकर आणि यमुनेला कासव हे वाहन शिल्पकारांनी देऊन टाकले. कृष्णेची तशी ठरलेली खूण कोणी रुजवली नाही, आणि तिची गरजही पडली नाही. तिची खूण म्हणजे ओटी. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, म्हणजे माहेरवाशिणीला किंवा सवाष्णीला जे द्यायचे तेच. पाणी चढून घाटाच्या पायऱ्या बुडू लागल्या की काठच्या बायका ओटी भरून नदीला शांत व्हायला विनवतात. गुरू कन्या राशीत येतो तेव्हा गंगा कृष्णेला भेटायला येते आणि वर्षभर तिच्याकडे राहते, अशीही श्रद्धा आहे. त्या पर्वाला कन्यागत म्हणतात. ते बारा वर्षांनी येते, आणि तेव्हा वाईपासून नृसिंहवाडीपर्यंतच्या घाटांवर स्नानाला गर्दी लोटते. मागचे कन्यागत २०१६मध्ये लागले होते, पुढचे २०२८मध्ये लागेल.